बुकित बातोकची दारूबंदी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सिंगापूरमध्ये दारूबंदी कधीच लागू झाली नाही, हा सर्वत्र पसरलेला समज साफ चुकीचा आहे. बुकित बातोकमधल्या एका ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर ती लागू होती. लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की तुळशीच्या कुंडीपाशी ती सुरू व्हायची आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीबाहेर, जिथे बांबूवर कपडे वाळत असायचे, तिथे संपायची. या राज्याचे प्रमुख, कायदेमंत्री, पोलीस आणि एकमेव प्रचारक आमचे घरमालक होते. प्रजा म्हणजे त्यांची बायको, त्यांची लेक आणि भाडेकरू मी.

मी मूळची ठाण्याची. कंपनीने सॉफ्टवेअर तपासायला सिंगापूरला पाठवलं तेव्हा राहायला खोली शोधत होते. या घरमालक काकांकडे एक रिकामी होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मासे खाता का तेही विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः उभे राहिले, घसा साफ केला आणि खालच्या बसथांब्यावर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का?"

खोलीत आम्ही दोघंच. मी मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

"येतंय," मी म्हणाले.

"मग सांगा. पर्समध्ये खोकल्याचं औषध आहे?"

होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, अल्कोहोलपाशी बोट ठेवलं आणि बाटली दोन बोटांत धरून दाराबाहेर, तुळशीच्या पलीकडे ठेवली. "हद्दीबाहेर प्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "खोकला आला की बाहेर जात चला." आतून काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. मीही केकमधला व्हॅनिलाचा अर्क शेजारणीकडे ठेवते, त्यातही अल्कोहोल असतं."

काका हार्बरफ्रंटला बोटींच्या एजंटच्या कचेरीत आयुष्यभर काम करून निवृत्त झाले होते. ऐंशीच्या दशकात साताऱ्याकडून आले, इथेच रुजले, पण वृत्ती सगळी कायदेमंडळातली. समोर येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मतदार. मला ते "अहो मतदार" अशीच हाक मारत. लिफ्टमध्ये चार माणसं जमली की त्यांची सभा भरायची आणि तळमजला आला की ती तहकूब व्हायची. चिनी आज्या, मलाय शाळकरी पोरं, सगळी त्यांच्याकडे बघून मान डोलवायची. त्यांना वाटायचं, अंकल हवामानाबद्दल बोलतोय.

हे सगळं आलं होतं आबांकडून. आबा म्हणजे काकांचे आजोबा. इंग्रजांच्या काळात ते प्रांतिक कायदेमंडळाचे सभासद होते आणि त्यांचा आयुष्यभराचा एकच विषय होता, दारूबंदी. दर अधिवेशनात ते दारूबंदीचा ठराव मांडायचे आणि दर अधिवेशनात तो पडायचा. पडला की आबा सभागृहाच्या मागच्या बाकांकडे वळून विचारायचे, "शेवटच्या रांगेला ऐकू आलं ना? मग झालं. पुढच्या वेळी परत सांगतो." आवाज असा की ध्वनिक्षेपकाशिवाय बाजारभर पोचायचा आणि बैल बुजायचे. पुढे कायदा झाला तेव्हा आबा हयात नव्हते. काकांना त्याचं दुःख नव्हतं. "बरं झालं," ते म्हणायचे. "कायदा झाला त्याच वर्षी गावात हातभट्टी लागली. आबांना ते बघावं लागलं नाही."

टीव्हीच्या वर आबांचा फोटो होता. डोक्याला पागोटं, अंगावर उपरणं आणि उजवा हात थेट वर. नवा माणूस घरात आला की फोटोकडे बघून विचारायचाच, हात वर का? काका त्याचीच वाट बघत असायचे.

ही कथा मी घरात ऐकली, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ऐकली, पण तिचा खरा प्रयोग व्हायचा तो ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात, म्हणजे इथल्या उघड्या खानावळीत. तिथे बिअर विकणारी एक चिनी बाई होती. बिअरच्या कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट घालून ती टेबलाटेबलाशी हिंडायची. काका रोज संध्याकाळी तिच्याच वाटणीच्या एका टेबलाशी बसायचे आणि रोज तिला दारूचे दुष्परिणाम सांगायचे. ती रोज न चुकता त्यांना बार्लीचं पाणी आणून द्यायची, बर्फाशिवाय. तिची त्यांच्यावर माया होती. पिणारे लोक बडबड करतात त्याची तिला सवय होती, न पिता एवढं बोलणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

तर कथा. आबांच्या तालुक्यात दरवर्षी मामलेदार कचेरीत दारूच्या गुत्त्यांचा लिलाव व्हायचा. एका वर्षी आबा लिलाव उधळायला गेले. कचेरीत बोली सुरू झाली आणि आबांचं भाषणही सुरू झालं. ऐन रंगात येऊन त्यांनी हात वर केला. "बंधूंनो, हा हात बघा," असं म्हणाले, आणि लिलाव करणाऱ्या कारकुनाने तो बघितला.

इथे काका चमचा धरलेला हात वर करून थांबायचे. "एक बार," ते हळू म्हणायचे. "दोन बार." आणि ती बिअरवाली, जिला मराठीचा गंध नव्हता, पण जी ही कथा कितीतरी वेळा ऐकून चुकली होती, ती बरोबर तिसऱ्या वेळेला हातातला ट्रे टेबलावर आपटायची.

दारूबंदीच्या पुढाऱ्याला दारूचा गुत्ता मिळाला. वर्षभरासाठी, सरकारी शिक्क्यानिशी.

आबा घरी आले, बायकोला म्हणाले, "दुकान मिळालंय. चालवायला हवं. ताक घुसळ." आणि वर्षभर त्या सरकारमान्य गुत्त्यात ताक मिळत होतं, जिरं-कोथिंबीर लावून. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून सगळा गाव येऊन गेला. त्यानंतर पिणारे ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जाऊ लागले आणि तिकडच्या गुत्तेदाराने आबांना दिवाळीला फराळ पाठवला.

कॉफीशॉपातले लोक हसायचे. काकाही हसायचे. पण एकदा वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा ते एकदम साध्या आवाजात म्हणाले, "अहो मतदार, खरं सांगू? एवढी भाषणं केली आबांनी, एवढे ठराव मांडले, एवढं ताक वाटलं. पण हातातला पेला खाली ठेवून 'मला ताक द्या' म्हणणारा एक माणूस त्यांना मिळाला नाही. जन्मभरात एकसुद्धा नाही. आणि मला तरी कुठे मिळालाय?"

मग नववा मजला आला आणि ते पुन्हा मोठ्याने बोलायला लागले.

आता त्यांच्या लेकीची गोष्ट. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, दातांची डॉक्टर झाली. मराठी तिला सगळी समजायची, बोलायची ती मराठी मिसळलेलं सिंगापुरी इंग्लिश. एका रविवारी जेवताना तिने सांगितलं की ती लग्न करतेय, मुलगा चिनी आहे, तिच्याच बरोबर शिकलेला. काकूंचा हात वरणाच्या वाटीवर थांबला. काकांनी घास संपवला आणि विचारलं, "मुलगा पितो?"

"नाही बाबा. ही ऑल्वेज ड्रिंक मायलो."

"वडील काय करतात?"

लेकीने पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "बाबा, डोन्ट शाउट हं. कॉफीशॉपना बिअर सप्लाय करतात. होल वेस्ट साइड."

काका ओरडले नाहीत. उठले, आबांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "पलीकडच्या गावचा गुत्तेदार. आला शेवटी घरात."

लग्नाला त्यांची ना नव्हती. व्याही भेटायला आले तेव्हा ते गोल चेहऱ्याचे, मोठ्याने हसणारे गृहस्थ काकांना मनापासून आवडले. अडचण होती ती संध्याकाळच्या मेजवानीची. चिनी लग्नाच्या मेजवानीत प्रत्येक टेबलावर ब्रँडीची बाटली असते आणि मध्येच सगळे उभे राहून पेले उंचावतात. त्याला याम सेंग म्हणतात. 'याऽऽऽम' हा सूर सगळ्यांनी मिळून लावायचा, दम संपेपर्यंत ओढायचा, मग 'सेंग' म्हणून पेला रिकामा करायचा. सूर जितका लांब तितकं जोडप्याचं भाग्य मोठं. एक सूर जोडप्यासाठी, एक आईबापांसाठी, एक पाहुण्यांसाठी.

काकांनी आपली भूमिका जाहीर केली. रजिस्ट्रीला येईन. सकाळी चिनी रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांना चहा देतात त्या विधीला येईन, चहाला माझा विरोध नाही. संध्याकाळी हॉटेलात येईन, पण लॉबीत बसेन.

"कॉफीशॉपात रोज बसता ते?" काकू म्हणाल्या.

"तिथे प्रचाराला जातो, पंगतीला नाही. मेजावर दारूचा पेला उंचावला की आमच्या घरातला माणूस उठतो. आबांनी घालून दिलेलं आहे."

ही आबांची दुसरी कथा. जिल्ह्याच्या दौऱ्यावर लाटसाहेब आला होता, त्याने कायदेमंडळाच्या सभासदांना मेजवानी दिली. राजाच्या नावाने पेले उंचावण्याची वेळ आली आणि आबांनी खुर्ची मागे ढकलली. ती धाडकन पडली. सगळे बघत राहिले आणि आबा उपाशी बाहेर पडून चालत घरी गेले. काका ही कथा पुण्याच्या पाहुण्यांना सांगत तेव्हा वाटेत ओढ्याला पूर असायचा. पाहुणे मुंबईचे असले की वाघ भेटायचा.

लेकीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तीच गोष्ट वाईट होती, कारण त्या घरात वाद हेच प्रेम होतं. ती एकदा माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "ताई, यू नो, प्रायमरी स्कूलच्या स्पोर्ट्स डेला बाबा एवढे ओरडले की अदर स्कूलचे टीचर बघायला आले. आय वॉन्टेड टु डाय. आता माझ्या लग्नात याम सेंग आहे. ओरडायचंच असतं. लाउडेस्ट मॅन इन सिंगापूर माझा बाप आहे, आणि तो लॉबीत बसणार." ती हसत होती, पण नाक ओढत हसत होती.

मी काकांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "मतदारांच्या भावना पोचल्या." म्हणजे नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याबाई आल्या. काकांच्या आत्या, आबांची धाकटी लेक. ऐंशी कधीच मागे पडली होती. विमानतळावर त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आणली, तर त्यांनी तिच्यावर पिशव्या ठेवल्या आणि स्वतः शेजारून चालत आल्या. पिशवीतून लोणचं, पंचे, मेतकूट निघालं आणि शेवटी एक फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून बंद करायचा, प्रवासात पाणी न्यायला पूर्वी असायचा तो. चिंचेने घासून लख्ख केलेला, आत ताजी कल्हई.

"पोरीला," त्या म्हणाल्या. "आबांचा आहे."

दुपारी चहाच्या वेळी काकांनी लॉबीचा विषय काढला. आत्याबाईंचा पाठिंबा त्यांनी गृहीतच धरला होता. उभं राहून त्यांनी लाटसाहेबाची मेजवानी सुरू केली. पेले उंचावले, खुर्ची पडली, आबा दारापर्यंत पोचले. आत्याबाई पपई खात होत्या.

"कोण उठून गेलं?" त्यांनी विचारलं.

"आबा."

"कुठून?"

"लाटसाहेबाच्या मेजवानीतून."

"काहीतरीच काय. पुडिंग दोनदा घेतलं होतं त्यांनी. आईला घरी येऊन वर्णन करून सांगत होते, तिला करायला लावायचं म्हणून."

काकांचा हात हवेतच राहिला, थेट फोटोतल्यासारखा.

"अगं आत्या, बाबांनी मला स्वतः सांगितलंय."

"तुझा बाप तेव्हा शिकायला मुंबईत होता. त्याला काय माहीत? त्याला आपलं खुर्ची पाडायला आवडायचं." त्यांनी पपईची बी वाटीत टाकली. "आबा हाच तांब्या घेऊन गेले होते. मी भरून दिला होता, ताक. पेले उंचावायची वेळ आली तर याची फिरकी निघेना. शेजारी कुणी गोरा साहेब होता, त्याने रुमालात धरून उघडून दिली. मग आबांनी ताकाचा पेला सगळ्यांच्यापेक्षा उंच धरला, आणि नंतर लाटसाहेबाच्या बायकोला दुभाष्याकरवी ती गुत्त्याची गोष्ट सांगत बसले. सगळ्यात शेवटी निघाले तिथून."

 खाली बस थांबल्याचा आवाज वरपर्यंत आला.

"म्हणजे बसले," काका म्हणाले.

"बसतील नाही तर काय करतील? उठून गेलेल्या माणसाचं भाषण कोण ऐकणार रे?"

काका खाली बसले.  त्यांनी तांब्या उचलला, फिरकी फिरवली. निघेना. पुन्हा जोर लावला. शेवटी लेक आली, तिने तो पदराच्या टोकात धरला, कारण तेव्हा ती उद्याची साडी नेसून बघत होती, आणि उघडून दिला.

काकांनी आत डोकावून पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "दही आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या मेजवानीच्या हॉलबाहेर काका जरीकाठाचं धोतर, काळा कोट आणि तांब्या अशा थाटात उभे होते. दारावरच्या मॅनेजरने तांब्या पाहिला आणि अदबीने सांगितलं की बाहेरून आणलेल्या दारूवर हॉटेल बूच उघडण्याचा वेगळा आकार घेतं. काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की कोटाचं बटण तुटलं. आबांना गुत्तेदार समजण्यात आलं होतं आणि आता नातवाला. तेवढ्यात व्याही धावत आले, आपण आणलेल्या दारूवर तो आकार माफ करून घेतला आहे, त्यातच हेही धरा, असं मॅनेजरला सांगून त्यांनी काकांचा हात धरला आणि आत नेलं. तांब्यात काय आहे याची त्यांनी चौकशीही केली नाही.

हॉल भरलेला होता. कॉफीशॉपचे मालक, दातांचे डॉक्टर, बुकित बातोकचे मराठी आणि अगदी मागच्या टेबलावर ती बिअरवाली. व्याह्यांच्याच मालाची विक्री करणारी, म्हणून तिलाही बोलावणं होतं. आज ती टीशर्टमध्ये नव्हती, लाल रेशमी झग्यात होती.

जोडप्यासाठी पहिला याम सेंग झाला. काका आपल्या जागी उभे होते, ताकाचा पेला हातात, ओठ मिटलेले. सूर संपला, पेले रिकामे झाले, आणि ते बसले. लेक त्यांच्याकडे बघत होती. बसलेल्या बापाकडे एवढ्या प्रेमाने बघणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

आईबापांच्या नावाच्या दुसऱ्या सुराला व्याह्यांनी दोन्ही घरच्या आईबापांना मंचावर बोलावलं. सूत्रसंचालकाने काकांपुढे माइक धरला. काकांनी तो हळूच बाजूला केला, हॉलच्या पार टोकाला असलेल्या टेबलाकडे बघितलं आणि उजवा हात वर केला, ताकाच्या पेल्यासकट.

"शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का?"

मराठी लोक हसले, बाकीचे दचकले. आणि मागून, शेवटच्या टेबलावरून, त्या बिअरवालीने समोरची ताटली टेबलावर आपटली. तिला वाटलं कथा सुरू झाली.

मग काकांनी सूर लावला.

"याऽऽऽऽ..."

सगळा हॉल त्यांच्याबरोबर निघाला. थोड्या वेळाने दातांचे डॉक्टर गळाले. मग कॉफीशॉपचे मालक. मग नवरामुलगा. आत्याबाई पुढच्या टेबलावर आपला चमचा वर धरून बसल्या होत्या, आपल्या बापाचा आवाज परत ऐकावा तशा. काकू डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांना हे घरी सवयीचं होतं. व्याही मोठ्या हिमतीने टिकून राहिले, चेहरा ब्रँडीच्या रंगाचा झाला, मान ताणली, डोळे बाहेर आले, आणि शेवटी तेही थांबून टेबलाला टेकले. आता त्या सगळ्या हॉलमध्ये एकच आवाज होता. ना धाप, ना कंप. वर लावलेली कागदी फुलं हलल्याचं मी शपथेवर सांगेन. वाढपी हातात थाळ्या घेऊन उभे राहिले. लेक रडत होती आणि हसत होती आणि टाळी वाजवत होती, तिन्ही एकदम.

"...ऽऽऽम सेंग," काका म्हणाले, अगदी शांतपणे, आणि ताक गटागटा पिऊन पेला उलटा करून दाखवला. मिशीवर पांढरी रेघ उमटली होती.

 मग व्याही, पश्चिम सिंगापूरला बिअर पुरवणारे, छातीवर हात ठेवून धापा टाकणारे, यांनी हातातला ब्रँडीचा पेला खाली ठेवला, काकांच्या तांब्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"व्हॉट ही ड्रिंकिंग? गिव्ह मी दॅट वन, लाह."